एकशे बेचाळीसचं मशीन

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि परभणीच्या एसटी स्टँडवर उभे राहा. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव, मार्च महिना, सकाळचे साडेदहा. ऊन आत्ताच चटका द्यायला लागलंय. जिंतूरची गाडी फलाटाला लागते, माणसं धावतात, खिडकीतून रुमाल आत पडतात. तुम्हीही कसेबसे आत शिरता. सगळ्या गाडीत एकच जागा अशी दिसते, जिथं माणूस बसलेला नाही. तिथं एक मोठं खोकं बसलंय. आणि खोक्याशेजारी, दांडीला धरून, एक तरुण उभा आहे.

तुम्ही काय कराल?

कावेरीनं सरळ विचारलं, "हे खोकं खाली ठेवता का जरा?"

"त्याला सीट लागते," तो तरुण म्हणाला. "मला न्हाई."

"तिकीट काढलंय का त्याचं?"

"अर्धं." त्यानं खिशातून खरोखरच अर्ध्या तिकिटाचा कागद काढून दाखवला. "कंडक्टर म्हणले, बारा वर्षांच्या आतलं दिसतंय."

कावेरीला हसू आलं, ते तिनं पदरात लपवलं. खोकं त्यानं खिडकीकडं सरकवलं आणि उरलेल्या वीतभर जागेत ती बसली.

गाडी हलली. परभणी-जिंतूर रस्ता तेव्हा असा होता की खड्डे चुकवायचे तर गाडी शेतातून न्यावी लागली असती. पहिल्या दणक्यालाच खोकं उसळलं. दोघांनी एकदम हात टाकले... त्याचा हात खोक्यावर, तिचा हात त्याच्या हातावर. तिनं लगेच काढून घेतला. पण दुसरा खड्डा आला, तेव्हा तिनं खोक्याचा कोपरा नीट धरला आणि जिंतूर येईपर्यंत सोडला नाही.

"पाव्हण्याच्या सामानासाठी लय तसदी घेतली तुमी," उतरताना तो म्हणाला.

"आता कुठं नेणार हे?"

"इथं कॉम्प्युटर क्लास हाय म्हणे, मास्तरांच्या घरात. तिथल्या मॅडमचं मशीन हाय हे."

कावेरी थांबली. खोक्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "म्हणजे दीड तास मी माझंच मशीन धरून बसले होते," ती म्हणाली. "चला. रस्ता मी दाखवते."

त्याचं नाव बन्सीधर. गाव पेडगाव, घरी शेती, शिक्षण बी. एस्सी. परभणीतल्या भगवानरावांच्या दुकानात तो कॉम्प्युटर जुळवायचा आणि पोचवायचा. कावेरी चारठाण्याच्या माणिकरावांची मुलगी. औरंगाबादला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आली होती आणि थोरल्या भावाच्या, रंगनाथ मास्तरांच्या, जिंतूरच्या घरातल्या पुढच्या खोलीत तिनं क्लास काढला होता. तिच्याकडं एक जुनं मशीन होतं. पण येत्या सुट्टीत तिला लहान मुलांचा वर्ग घ्यायचा होता. अकरा नावं आली होती. मुलांची बोटं कीबोर्डला भितात, आणि ती भीती खेळ खेळला की जाते, हे तिनं पाहिलं होतं. तिच्याकडं मोटारीच्या शर्यतीचा एक खेळ होता. जुन्या मशीनवर ती मोटार नुसते गचके खात चालायची. म्हणून तिनं दुकानाला पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, खेळ नीट चालेल असं मशीन पाठवा.

बन्सीधरनं मशीन जोडलं, बटण दाबलं आणि खिशातून एक फ्लॉपी काढली. तिच्यात मशीनचा वेग मोजणारा एक छोटा प्रोग्राम होता. आधी त्यानं तो जुन्या मशीनवर चालवला. पडद्यावर आकडा आला, त्रेचाळीस. मग नव्यावर चालवला. एकशे बेचाळीस.

तो हात बांधून मागं सरकला. जणू तो आकडा त्यानं स्वतः पळून मिळवला होता.

"तिपटीच्या वर," तो म्हणाला. "परभणी जिल्ह्यात एवढं कुणाकडं न्हाई, मॅडम."

"आता खेळ लावा," कावेरी म्हणाली.

खेळायला बसली पद्मजा. ही रंगनाथ मास्तरांची मुलगी, वय वर्षे नऊ. खेळात एक रस्ता होता. आधी मोकळं माळरान, मग झाडं, मग दाट घरं, आणि घरं संपली की नदीवरचा अरुंद पूल. माळरानावर मोटार झकास धावली. झाडं आली तशी अडखळायला लागली. घरांमध्ये शिरली आणि गचके... एक, दोन, तीन. पुलाजवळ पद्मजानं उजवीकडचं बटण दाबलं, मोटार वळली, पण क्षणभर उशिरा. थेट नदीत गेली.

"आत्या," पद्मजा शांतपणे म्हणाली, "मशीन बदललंय कुठं? हे तेच हाय की."

परीक्षेत पहिला आलेल्या मुलाला साधा निरोप सांगता आला नाही तर त्याचा होतो, तसा बन्सीधरचा चेहरा झाला.

त्या दिवशी माणिकराव चारठाण्याहून आले होते. बाजेवर बसून ते सगळं बघत होते. कॉम्प्युटर त्यांना कळत नव्हता, पण बैल कळत होते. जनावरांच्या बाजारात लोक बैलाचं तोंड उघडून दात मोजतात, त्यावरून वय कळतं. माणिकराव दात मोजायचे, पण तेवढ्यावर बैल कधी घ्यायचे नाहीत. आठ दिवस औताला जुंपायचा. ओढला तर ठेवायचा, न ओढला तर परत. विकणाराही या बोलीला नाही म्हणत नसे.

"हे बघा पाव्हणं," ते म्हणाले, "तुमचं दाताचं बरोबर असंल. पण आठ दिवस ही पोरगी जुंपून बघंल. येत्या सोमवारी मी चारच्या गाडीनं येतो. चाललं तर पावतीवर सही. न्हाई तर तुमचं तुमी घेऊन जावा."

कुठलाही दुकानदार असल्या बोलीला तयार झाला नसता. पण बन्सीधर पेडगावचा शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं मान हलवली.

"मंजूर. पण मग मी बी रोज येणार. जनावर नवीन असलं की धनी जवळ लागतो."

तो रोज नऊच्या गाडीनं येऊ लागला. मशीनचं टोपण उघडायचं, इकडची तार तिकडं, तिकडची इकडं. दर वेळी तो फ्लॉपी घालून आकडा बघायचा. पद्मजा मात्र तिच्या वहीत वेगळंच लिहायची. 'पूल' असं लिहून पुढं रेघा. जेवढ्या वेळा नदीत, तेवढ्या रेघा. पहिलं पान दुसऱ्याच दिवशी भरलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं आनंदानं हाक मारली. "मॅडम, एकशे चव्वेचाळीस झालं."

"ते तर जानेवारीत लागलं होतं सगळीकडं," कावेरी म्हणाली. "तेव्हाबी गाड्या बंदच पडल्या होत्या."

विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी लागलेलं एकशे चव्वेचाळीस कलम कुणी विसरलं नव्हतं. बन्सीधर आधी गोंधळला, मग इतका हसला की स्क्रूड्रायव्हर हातातून पडला. तेवढ्यात मशीनच अडकून बसलं. त्यानं पुन्हा एकशे बेचाळीसवर आणलं.

चौथ्या दिवशी लाईट गेली. खोलीत उकाडा, दारातून कडुलिंबाच्या मोहोराचा वास. पद्मजा शाळेत होती. दोघं उंबऱ्याजवळच्या वाऱ्याला बसले, मध्ये उघडं पडलेलं मशीन.

"तुमी हसताना पदर तोंडाला का लावता?" त्यानं एकदम विचारलं.

"क्लासची मॅडम हसायली की पोरं शेफारतात."

"आता पोरं कुठं हायत?"

"एक हाय की," ती म्हणाली. "आकड्याला खेळणं समजणारं."

तो स्क्रूड्रायव्हर बोटांत फिरवत म्हणाला, "खरं सांगू... मला आकड्यांचं भ्या वाटतं. म्हणून मोठा आकडा आला की बरं वाटतं."

कावेरीनं माठातलं पाणी आणून त्याच्यापुढं ठेवलं, आणि तांब्याऐवजी पाव्हण्यांसाठीच्या काचेच्या ग्लासात आणलं, हे तिचं तिलाच उशिरा लक्षात आलं.

पाचव्या दिवशी ती चौकातल्या एसटीडी बूथवर गेली आणि दुकानाला फोन लावला. हे मशीन दुसरीकडं कुठं चाललंय का, एवढंच तिला विचारायचं होतं. भगवानरावांनी मात्र भलतंच सुरू केलं.

"बाई, आकडा एकशे बेचाळीस येतो ना? मग मशीन चांगलं. त्या पोराला नाही म्हणता येत नाही, गिऱ्हाईकांच्या घरी जाऊन बसतो. दोन मशीनं त्याच्यामुळं परत आली. तिसरं आलं, तर त्याला मी दुकानाची पायरी चढू देणार नाही. तसं सांगितलंय त्याला."

फोन ठेवून कावेरी घरी आली, ती वेगळ्याच पावलांनी. पाच दिवसांत बन्सीधरनं हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

शनिवारी तो आला, तेव्हा ती पेन घेऊन तयार होती. "द्या ती पावती. सही करते."

"का?"

"असंच. खेळच तर हाय. पोरं शिकतील हळूहळू."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "दुकानात फोन केला तुमी."

तिनं पेन दुसऱ्या हातात घेतलं.

"गाडी पुलावरून गेली का, मॅडम?"

"...न्हाई."

"मग सही कशाची?" त्यानं पावती घडी करून खिशात ठेवली. "अकरा पोरं येणार. ती म्हणणार, मॅडमनं खराब मशीन घेतलं. माझ्यासाठी तुमी खोटं लिहायचं... ते मला न्हाई चालायचं. माझी नोकरी गेली तर मी दुसरी बघंन. तुमची सही एकच हाय."

असं म्हणून तो पुन्हा टोपण उघडायला बसला. कावेरी आत गेली. तिचे डोळे भरले होते आणि रागही आला होता, आणि दोन्ही एकाच माणसामुळं का, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

आत भावजय मनकर्णा भाकरी करत होती. कावेरी थापायला बसली. राग असला की हात वेगानं चालतात. थप थप थप, एक भाकरी, दुसरी, तिसरी. परातीत पीठ संपत आलं, थापलेल्या भाकऱ्या कपड्यावर वाळायला लागल्या.

"अहो वन्सं, हळू," मनकर्णा म्हणाली. "तवा एकच हाय. तुमी दहा थापा, पानात पडणार एकच."

कावेरीचे हात थांबले.

मुलांनो, इथं आपणही जरा थांबू. मशीनच्या आत एक प्रोसेसर असतो. तो बेरजा-वजाबाक्या करतो, म्हणजे भाकऱ्या थापतो म्हणा. वेग मोजणारा तो प्रोग्राम एवढासा होता की प्रोसेसरच्या जणू खिशात मावत होता. प्रोसेसर जागच्या जागी थापत होता आणि प्रोग्राम मोजत होता, एकशे बेचाळीस. तो आकडा खोटा नव्हता. पण तव्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं. खेळात मात्र प्रत्येक झाड, प्रत्येक घर रंगवून पडद्यापर्यंत पोचवावं लागतं, तेही एका सेकंदात कितीतरी वेळा. माळरानावर पोचवायला थोडं असतं, म्हणून मोटार धावते. घरं दाटली की चित्रं वाटेतच रांग लावतात. खेळणाऱ्याला दिसतं ते पानात पडलेलं, थापलेलं नव्हे.

पिठाचे हात तसेच घेऊन कावेरी बाहेर धावली.

"बन्सीधर, पडद्याकडं चित्र कशातून जातं?"

तिनं पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं. दोघांनीही न आल्यासारखं केलं.

"ह्या कार्डातून," त्यानं बोट दाखवलं.

"हे नवं हाय का?"

"न्हाई. दुकानात जुनं पडलं होतं, तेच लावायला सांगितलं मालकांनी. वेग प्रोसेसरचा असतो म्हणले..." तो बोलता बोलता थांबला. मग वाकून बघितलं. जुनं कार्ड आखूड खाचेत बसलं होतं. तिच्या शेजारी एक लांब खाच रिकामी होती. त्यानं कपाळावर हात मारला. "लोकल बस."

"काय?"

"ह्या लांब खाचेला म्हणतात तसं. लोकल बस. तिचं कार्ड वेगळं. चित्रं सरळ प्रोसेसरकडून जातात, लय जोरात."

"लोकल बस, आणि जोरात?" कावेरी म्हणाली. "जिंतूरच्या माणसाला हे पटायचं न्हाई."

आता हसताना तिनं पदर लावला नाही, कारण हाताला पीठ होतं.

असं कार्ड परभणीत नव्हतं. हैदराबादला मिळालं असतं. मालकांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आकडा ठीक आहे, गप बस. म्हणून बन्सीधरनं विचारलं नाही. त्याच दुपारी परभणीला गेला आणि मिळेल त्या रेल्वेनं हैदराबादला निघाला. दुकानांची ओळखदेख होती. रविवारी ती उघडतील की नाही, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

सोमवार उजाडला. नऊची गाडी आली, तो आला नाही. साडेअकराची आली, तो आला नाही. कावेरीनं क्लासमध्ये दोनदा एकच धडा शिकवला. पद्मजा अर्ध्या दिवसाची शाळा करून आली, वही घेऊन स्टुलावर बसली.

"आत्या, आजोबा चारला येणार हायत ना?"

"हौ."

"आणि मशीनवाले न्हाई आले तर?"

"तर मशीन परत जाईल."

"आणि ते?"

दारातून रस्ता दिसत होता, कावेरी तिकडंच बघत राहिली.

दोन वाजून गेले होते. रस्त्यावर धूळ उडाली आणि तो आला. सदरा चुरगळलेला, डोळे लाल, छातीशी धरलेला एक चपटा पुठ्ठ्याचा डबा.

"सीट नव्हती," तो म्हणाला. "ह्यालाबी, मलाबी. उभ्यानं आलो."

कावेरीनं पाणी दिलं. त्यानं दोन घोट घेतले आणि कामाला लागला. जुनं कार्ड काढलं, नवं लांब खाचेत बसवलं. बटण दाबलं. सवयीनं त्याचा हात फ्लॉपीकडं गेला. पडद्यावर आकडा आला.

एकशे बेचाळीस.

तो आकड्याकडं बघत राहिला. काडीचाही फरक नव्हता. एवढा प्रवास, एवढं जागरण.

"तो थापतानाच मोजतो की," कावेरी हळूच म्हणाली. "तव्याचं त्याला काय कळतंय? खेळ लावा."

पद्मजा बसली. माळरान गेलं. झाडं आली... मोटार अडखळली नाही. घरं आली, दाट, लाल कौलांची, एकामागून एक सर्र मागं गेली. पूल दिसला. पद्मजानं उजवीकडचं बटण दाबलं आणि मोटार त्याच क्षणी वळली. पुलाचे कठडे दोन्ही बाजूंनी सरकले. पलीकडं हिरवी कुरणं होती, डोंगर होता. ते आजवर त्या घरात कुणीही पाहिलं नव्हतं.

"पुढं एवढं होतं?" पद्मजा पुटपुटली.

बन्सीधर मटकन खुर्चीत बसला. कावेरीनं त्याच्यापुढं हात केला. त्यानं पावती दिली. तिनं छापलेल्या 'समाधानकारक' या शब्दावर खूण केली, खाली सही केली आणि आपल्या अक्षरात एक ओळ जास्तीची लिहिली, 'आकडा पूर्वीइतकाच आहे. खेळ आता चालतो.'

"मालकांना हे कळायचं न्हाई," तो वाचून म्हणाला.

"कळंल. पद्मजाची वहीबी जोडून देऊ."

तो हसला. पावती खिशात ठेवली, स्क्रूड्रायव्हर ठेवला, पिशवीचा बंद बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

"इथलं काम संपलं," तो म्हणाला.

"संपलं."

"उद्या नऊच्या गाडीला... आता कारण न्हाई काही."

"जुनं मशीन हाय की. तेबी गचके खायलंय."

"ते एका दिवसाचं काम हाय."

"मग सावकाश करा."

पद्मजानं पडद्यावरची नजर काढली नाही. पण मोटार पुलावर उभी राहिली होती.

बन्सीधर खाली बघून बोलू लागला. "मॅडम... कावेरी. एक सांगून ठेवतो. मला बी. एस्सी.ला अठ्ठेचाळीस टक्के हायत. पेडगावला सात एकर, ती तिघा भावांत. स्थळ म्हणून माझं नाव निघालं की आधी हेच विचारतात, आणि तिथंच विषय संपतो. तुमच्या वडिलांपुढं कोणत्या तोंडानं..."

"माझ्या वडिलांचं नंतर," कावेरी म्हणाली. "आधी मला विचारा की."

त्यानं मान वर केली. विचारायचं होतं ते त्याच्या डोळ्यांत होतं, पण शब्द कुठं तरी वाटेत रांग लावून उभे होते. कावेरी थांबली. तिला घाई नव्हती.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पद्मजानं खेळ बंद केला होता. "मी पाणी पिऊन येते," असं भिंतीला सांगून ती बाहेर गेली आणि जाताना दार ओढून घेतलं, पूर्ण नाही, अर्धं.

अंगणाच्या फाटकाशी माणिकराव चपला झटकत होते. चारची गाडी वेळेवर आली होती.

"काय गं, मशीन चालतं का?"

"चालतं, आजोबा."

"मग सही झाली का?"

पद्मजानं क्षणभर विचार केला. "एक झाली," ती म्हणाली. "आत्या अजून बघायलीय."

माणिकरावांनी अर्ध्या दाराकडं पाहिलं, मग नातीकडं. ते काही म्हणणार होते, पण तिनं त्यांचं बोट धरलं होतं. उन्हातून आलात, आधी रस प्या, असं बजावत ती त्यांना कोपऱ्यावरच्या रसवंतीत घेऊन गेली. पहिला ग्लास तिनं एका दमात संपवला. मग दुसरा मागितला, बिनबर्फाचा, आणि तो घोट घोट करून, मध्ये मध्ये रस्त्याकडं बघत, जमेल तितका हळू प्यायली.